‘तो कोण?’ आणि ‘तो काय करील?’

(एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, संतसाहित्य ऐकता, अर्थकारण ऐकता. आणि आज एक पत्रकार उठतो व एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेविषयी, तीही ड्रॅगन आणि चालत्या प्रेतांच्या मालिकेविषयी, तासभर बोलू म्हणतो! आपली ही नाराजी मला अगदी मान्य आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः तिकडे, म्हणजे आठी घालणाऱ्यांच्या रांगेत बसलो होतो. तेथून मी इकडे कसा आलो, हे सांगण्यासाठीच आजचे हे बोलणे.

माझा एक पुतण्या संगणक अभियंता आहे. जून २०१६ मधील एका सोमवारची गोष्ट. एरवी आठ वाजल्याशिवाय न उठणारा हा मुलगा सकाळी साडेसहाला पडद्यासमोर बसलेला. अमेरिकेत रविवारी रात्री दाखविला जाणारा भाग आपल्याकडे त्याच क्षणी, सोमवारी सकाळी दिसत असे. तासाभराने तो जवळजवळ ओरडलाच, ‘‘काका, मी म्हणत नव्हतो? लियानाच त्याची आई!’’ मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, ‘‘अरे, कोणत्या तरी काल्पनिक राज्यातल्या काल्पनिक मुलाची आई कोण, यासाठी झोपमोड करतोस?’’ तो काही बोलला नाही. त्यानंतर या विषयावर त्याने माझ्यापुढे एक अक्षर काढले नाही. आणि मग, हे मला फार उशिरा लक्षात आले, इतरही विषयांवर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतून असेच घडते. मुले वाद घालून दूर जात नाहीत. त्यांच्या ज्या गोष्टीला आपण हसतो, त्या गोष्टीपासून ती बोलणे थांबवितात.

काय होती ही मालिका?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही एचबीओ या अमेरिकी वाहिनीची मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी संपली. आठ पर्वे, एकूण ७३ भाग. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकी लेखकाच्या कादंबरीमालेवर ती आधारलेली होती. त्यातील पहिले पुस्तक १९९६ मध्ये आणि पाचवे २०११ मध्ये आले. सहावे मात्र मालिका संपली तेव्हाही आलेले नव्हते. म्हणजे ग्रंथ अपुरा आणि मालिका पुढे गेलेली, अशी विचित्र अवस्था झाली. आणखी एक गोष्ट प्रारंभीच सांगतो. ही मालिका घरातील लहानांसमवेत बसून बघण्यासारखी नाही. हिंसा आणि उघड कामुकता तीत भरपूर आहे. मी तिची शिफारस करण्यासाठी येथे उभा नाही.

मी बोलणार आहे ते तिच्या चाहत्यांच्या तर्कांविषयी. मार्टिन यांनी केवळ एक राज्य कल्पिले नाही. त्या राज्यातील लोकांची पुराणेही कल्पिली. आठ हजार वर्षांपूर्वी एक प्रदीर्घ रात्र आली होती, उत्तरेकडून बर्फाचे मानव चालून आले होते, तेव्हा एका वीराने ज्वलंत तलवार घेऊन अंधाराचा पराभव केला, पुढे ब्रॅन नावाच्या स्थपतीने सातशे फूट उंच हिमभिंत बांधली, अशा त्या कथा. कथेतील पात्रे या पुराणकथा अर्धवट आठवून, आपापल्या सोयीने सांगतात. एक म्हातारी दाई लहान मुलाला झोपविताना साऱ्या जुन्या ब्रॅनच्या गोष्टी एकमेकींत मिसळून टाकते. आणि जगभरचे वाचक कागद-पेन्सिल घेऊन बसले की, यातील खरे काय, आणि तो पुराणपुरुष आता कोणाच्या रूपाने पुन्हा येणार आहे? यालाच ते ‘फॅन थिअरी’ म्हणतात. आपण त्याला चाहत्यांचा तर्क म्हणू.

एका जन्मरहस्याचा शोध

यातील सर्वांत गाजलेला तर्क माझ्या पुतण्याचा, म्हणजे खरे तर लक्षावधी वाचकांचा. जॉन स्नो हा नेड स्टार्क नावाच्या सरदाराचा अनौरस पुत्र म्हणून वाढतो. नेड सत्यवचनी माणूस. पण या मुलाची आई कोण, हे तो पत्नीलाही सांगत नाही. वाचकांनी पहिले पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले आणि धागे जुळविले. नेडची बहीण लियाना एका एकाकी बुरुजात रक्ताने माखलेल्या शय्येवर मरण पावली; मरताना तिने भावाकडून काही वचन घेतले. राजपुत्र रेगार युद्धात आधीच मारला गेला होता. मग राजघराण्याचे तीन श्रेष्ठ शरीररक्षक युवराजाच्या पश्चात त्या बुरुजावर कोणाचे रक्षण करीत उभे होते? रेगारने एका स्पर्धेत स्वतःच्या पत्नीला ओलांडून लियानाला निळ्या गुलाबांचा मुकुट दिला होता. आणि दुसऱ्या पुस्तकात एका दृष्टान्तात हिमभिंतीच्या भेगेतून निळे फूल उमललेले दिसते. हिमभिंतीवर कोण आहे? जॉन! म्हणजे जॉन हा नेडचा पुत्र नव्हे, भाचा, रेगार आणि लियाना यांचा मुलगा, सिंहासनाचा वारस.

हा तर्क मालिका निघण्याच्या कितीतरी वर्षे आधी वाचकांत रूढ झाला होता. मालिकेचे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मार्टिन यांच्याकडे अनुमती मागण्यास गेले, तेव्हा लेखकाने त्यांना हाच प्रश्न केला, जॉनची आई कोण? त्यांचे उत्तर बरोबर आले. पुढे २०१६ च्या जूनमध्ये मालिकेने आईचे नाव उघड केले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पित्याचे. माझा पुतण्या त्या सकाळी ओरडला तो याच क्षणी. एखादे पुस्तक बारकाईने वाचून काढलेला निष्कर्ष अनेक वर्षांनी खरा ठरल्याचा तो आनंद होता. ‘आजची पिढी वाचत नाही’ असे मी त्याच आठवड्यात एका लेखात लिहिले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

भाकित आणि त्याचे दावेदार

दुसरा मोठा तर्क त्या पुराणवीराविषयीचा. पुस्तकांत त्याचे नाव अझोर अहाय. त्याची कथा अशी. तो तलवार घडवायला बसला. तीस दिवस, तीस रात्री श्रम करून त्याने ती पाण्यात बुडविली, ती भंगली. मग पन्नास दिवस राबून सिंहाच्या काळजात खुपसली, तीही भंगली. अखेर शंभर दिवसांनी त्याने पत्नी निस्सा निस्सा हिला बोलावले आणि ती तलवार तिच्या हृदयात खुपसली, तेव्हा ती प्रज्वलित झाली. हा वीर मीठ आणि धूर यांच्यामध्ये, रक्तवर्ण ताऱ्याखाली पुन्हा जन्म घेईल, असे भाकित.

मग तो कोण? चाहत्यांचे तट पडले. कोणी म्हणे जॉन. कोणी म्हणे डॅनेरिस. तिने पतीच्या चितेत ड्रॅगनची दगड झालेली अंडी जागविली. मूळ भाषेत ‘राजपुत्र’ या अर्थाच्या शब्दाला लिंगच नाही, तेव्हा वचन राजकन्येविषयीचेही असू शकते, असे मालिकेतील एक दुभाषी स्त्री सांगते. आणि पुस्तकात एक वृद्ध पंडित मरणशय्येवर म्हणतो की, आपण हजार वर्षे भाषांतराच्या चुकीमुळे चुकीच्या व्यक्तीकडे पाहत राहिलो. कल्पित ग्रंथातील कल्पित भाषांतराच्या चुकीवर तरुण मुले रात्र-रात्र वाद घालतात, हे मला कळले तेव्हा मी प्रथमच कुतूहलाने त्यांच्याकडे पाहू लागलो.

पण याच भाकिताचा आणखी एक दावेदार आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे नाव स्टॅनिस. कर्तव्यकठोर, न्यायप्रिय, कोरडा माणूस. मेलिसांद्रे नावाची अग्निपूजक स्त्री त्याला पटविते की, तो वीर तूच. वाचक तर्क करतो, तेव्हा फार तर पैज हरतो. स्टॅनिस सेनापती आहे. बर्फात अडकलेले सैन्य पुढे जावे म्हणून, आणि ‘मीच तो’ या तर्कावर विसंबून, तो आपल्या लाडक्या मुलीला, शिरीनला, जिवंत जाळण्याची आज्ञा देतो. मालिकेच्या पाचव्या पर्वात, २०१५ मध्ये, हा प्रसंग आला. दुसऱ्या दिवशी अर्धे सैन्य त्याला सोडून जाते, पत्नी आत्महत्या करते आणि तो पराभूत होऊन मारला जातो. भाकित त्याच्याविषयी नव्हतेच.

याच विश्वातील पूर्वकथेची ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ मध्ये आली, तीत तर मरणोन्मुख राजा भाकिताविषयी काही पुटपुटतो, राणी त्याचा चुकीचा अर्थ घेते आणि त्यातून भाऊबंदकीचे युद्ध पेटते. मार्टिन यांच्या जगात भाकित खोटे असते असे नाही. त्यावर आपले नाव आपणच लिहून घेणारा माणूस घातक असतो.

तर्क चुकले ते कोठे?

सारेच तर्क खरे ठरले नाहीत. बर्फमानवांचा अधिपती ‘नाइट किंग’ हा मालिकेने घडविलेला. पुस्तकांतील तत्सम नावाचा पुरुष हा केवळ दंतकथेतील, हिमभिंतीच्या रक्षकांचा तेरावा प्रमुख. मालिकेतील हा नाइट किंग म्हणजे काळात मागे जाऊन अडकलेला ब्रॅनच होय, असा तर्क विशेष गाजला होता. २८ एप्रिल २०१९ रोजी जॉनची धाकटी बहीण म्हणून वाढलेल्या आर्याने एका घावात त्याचा शेवट केला, आणि तो तर्कही तेथेच संपला. वचनातील वीर कोण, हे मालिकेने अखेरपर्यंत स्पष्ट सांगितलेच नाही.

आणि निस्सा निस्साचा तर्क? तो विलक्षण रीतीने अर्धा खरा ठरला. शेवटच्या भागात जॉनने खरोखरच प्रिय स्त्रीच्या, डॅनेरिसच्या, काळजात सुरा खुपसला. परंतु त्यातून अंधाराशी लढणारी तलवार प्रज्वलित झाली नाही. अंधार तर आधीच संपला होता. तिने एक संपूर्ण नगर जाळले, आणि आणखी नगरे जळू नयेत म्हणून त्याने ते केले. राज्य मात्र जॉनला मिळाले नाही. सरदारांनी ब्रॅनला राजा निवडले आणि जॉनला पुन्हा उत्तरेकडे धाडले. चाहते संतापले; अखेरचे पर्व पुन्हा चित्रित करावे अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

माझ्या पुतण्याने सही केली नाही, पण तो खिन्न होता. तीन वर्षांनंतर प्रथमच तो होऊन माझ्याशी बोलायला आला. म्हणाला, ‘‘काका, आम्ही तर बरोबर ओळखलं होतं. मग हाती काही लागलं नाही असं का वाटतंय?’’

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी कपाटातून एक पुस्तक काढून त्याच्या हाती दिले.

इरावतीबाईंचा तर्क

ते पुस्तक होते इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. १९६७ चे, पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. त्यात इरावतीबाईंनी एक प्रश्न उभा केला आहे की, युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र तर नसेल? पुरावे पाहा. विवाहानंतर कुंतीने प्रथम आवाहन केले ते धर्माला. आणि विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापाने जन्माला आलेला धर्मच. पांडूचा धाकटा भाऊ म्हणून नियोगाच्या प्रथेत त्याचे नाव बसते. पांडव वनवासात असताना कुंती राहते ती विदुराच्या घरी. आणि आश्रमवासिक पर्वात, अरण्यात वृक्षाला टेकलेला कृश विदुर युधिष्ठिराकडे एकटक पाहत योगबलाने त्याच्याच देहात प्रवेश करतो. हे सारे मांडूनही बाईंनी तो केवळ तर्क म्हणूनच ठेवला.

पुतण्या ते प्रकरण वाचून दोन दिवसांनी आला. म्हणाला, ‘‘काका, हे तर अगदी आमच्यासारखंच आहे!’’ मी म्हणालो, ‘‘हो. आणि त्या हे काम करीत होत्या, तेव्हा पुराव्यासाठी त्यांच्यासमोर आणखी एक गोष्ट उपलब्ध होती.’’ मग आम्ही भांडारकर संस्थेविषयी बोललो. पुण्यात १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती. १९२५ पासून मृत्यूपर्यंत तिचा भार वाहिलेले वि. स. सुखटणकर, ताडून पाहिलेली बाराशेंहून अधिक हस्तलिखिते. द्रौपदीने दुर्योधनाला ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ म्हटले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चिकित्सित आवृत्तीत ते वाक्य नाही. आपल्या मनातील पुष्कळशी पात्रे ग्रंथातून नव्हे, तर कीर्तन, नाटक आणि पडद्यावरून आलेली आहेत. त्यात कमीपणा नाही. परंतु काय ग्रंथात आहे आणि काय आपण घातले, हे ठाऊक असावे. तर्कालाही शिस्त असते, ही गोष्ट त्या मुलाला मुळीच समजावून सांगावी लागली नाही. तो ती जन्मरहस्याच्या शोधात आधीच शिकला होता.

कर्ण आणि जॉन

आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर. जॉन स्नो आणि कर्ण यांची तुलना अनेकांनी केली आहे. दोघेही जन्माने वारस, दोघेही हीन म्हणून वाढलेले. पण एक फरक पाहा. कर्ण कोणाचा पुत्र, हे महाभारताच्या श्रोत्याला आदिपर्वापासून ठाऊक असते. व्यासांनी ते आपल्यापासून लपविलेच नाही. म्हणून आपण ‘कर्ण कोण?’ असा तर्क करीत नाही. आपण श्वास रोखून बघतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो की, तू ज्येष्ठ पांडव आहेस, राज्य तुझे आहे. आता हा काय करील? कर्ण राज्य नाकारतो. ज्या राधेने वाढविले तिला आणि ज्या दुर्योधनाने मान दिला त्याला तो सोडत नाही. वर म्हणतो की, हे युधिष्ठिराला सांगू नकोस. तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. रहस्य कळल्यानंतर खरी कथा सुरू होते.

मालिकेने रहस्य आपल्यापासून सहा-सात वर्षे लपविले. आमच्या मुलांची सारी बुद्धी ‘तो कोण?’ यात गुंतली. उत्तर आले तेव्हा केवळ सहा भाग उरले होते. अगदीच काही घडले नाही असे नाही. जॉनचा हक्क श्रेष्ठ आहे हे कळताच डॅनेरिसच्या मनात संशय शिरला, एका मंत्र्याचा त्यात बळी गेला. जॉननेही राज्य नको म्हटले. परंतु तो नकार त्याने कशाच्या बळावर दिला, कोणाच्या ऋणापोटी दिला, हे उलगडण्यास अवधी उरला नाही. ओळख पटली आणि माणूस मात्र निसटला. म्हणून तर्क खरा ठरूनही हाती काही लागले नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, आमचेच श्रेष्ठ, त्यांनी आमचेच उचलले. बंधुभगिनींनो, मी असे म्हणत नाही. मार्टिन यांनी आपल्या कथेची प्रेरणा इंग्लंडमधील पंधराव्या शतकातील ‘गुलाबांची युद्धे’ या यादवीत असल्याचे सांगितले आहे, आणि लपलेल्या वारसाची कथा अनेक संस्कृतींत आढळते. पुराव्यावाचून मालकी सांगणे म्हणजे भाकितावर आपले नाव लिहून घेणाऱ्या स्टॅनिससारखेच होय. महाभारताला अशा प्रमाणपत्राची गरज नाही. त्याला गरज आहे वाचकांची, आणि तीक्ष्ण डोळ्यांचे वाचक आपल्या घरात, शेजारच्या खोलीत बसलेले आहेत.

माझा पुतण्या सध्या उद्योगपर्व वाचतो आहे. गेल्या रविवारी त्याचा दूरध्वनी आला. ‘‘काका, कृष्ण सांगतो त्याच्या आधीच कर्णाला सगळं ठाऊक होतं की काय? त्याच्या उत्तरात आश्चर्य कुठंच दिसत नाही.’’ मी म्हणालो, ‘‘मलाही तसेच वाटते. पण पुरावा काय? संध्याकाळी ये, दोघे मिळून पाहू.’’

तो आला. आम्ही रात्री उशिरापर्यंत पाहत होतो. आपल्याही घरी असे कोणी असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्या मालिकेविषयी एक प्रश्न त्याला अवश्य विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.